करोडगिरी नाक्यापर्यंत

हैदराबाद संस्थानच्या जुन्या नकाशात बीड जिल्ह्याची पश्चिम कड ही निजामाच्या राज्याचीही कड होती. पलीकडे इंग्रजी मुलूख. ती कड जमिनीवर कुठे सापडते हे पाहायला दिवाळीनंतर निघाले.

बीडहून जामखेडची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट. मांजरसुंब्याला चहा मिळतो. पाटोद्यानंतर उघडं, कोरडं पठार. सौताड्याला ते एकाएकी तुटतं आणि विंचरणा नदी सरळ दरीत पडते. मी कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिले.

जकात घेणारं निजामाचं करोडगिरी नाकं थोडं पुढे होतं, असं तिथल्या हॉटेलवाल्याने सांगितलं. इथली माणसं निरोपाला अजून नाक्यापर्यंतच जातात, पुढे नाही, हेही त्यानेच सांगितलं.

आता तिथे नुसतं दगडी जोतं आहे. त्यापाशी ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत गोधड्या, कोंबड्या, माणसं. गयाबाई मुलाला आणि सुनेला सोडायला आल्या होत्या. सून मीरा गरोदर, महिने भरत आलेले. तिला राहू द्या, असं गयाबाई घरापासून विनवत होत्या. मुकादम ऐकेना. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई राहिली तर कोयता मोडतो. मुलगा खाली पाहत बसला होता.

“मंग म्या येते,” गयाबाई म्हणाल्या.

मुकादम हसला. “मावशे, मोळी उचलंल का आता?”

“तुज्या बापाच्या टोळीत उचलली. तवा तू झोळीत मुतत व्हतास.”

ट्रॉलीत हशा पिकला. मुकादमाने मान हलवली. मीरा उतरली, गयाबाई चढल्या, नेसत्या लुगड्यानिशी.

ट्रॉली हलली तशी मीरा मागे धावली आणि जोत्याच्या रेषेवर थांबली. तिला कुणी अडवलं नव्हतं. ज्या राज्याचा शिपाई तिच्या आईनेही पाहिला नसेल, त्याच्या हद्दीवर ती उभी होती. असं काही मी कुठल्या किल्ल्यावर पाहिलेलं नाही.

परतीच्या एसटीत ती शेजारी बसली. घरी आता कोण आहे, मी विचारलं. कुणी नाही, म्हणाली. मग खिडकीकडे पाहत, “बाळंतपण सासूबाईच करनार व्हत्या. त्याचं आमी दोघीबी बोललो न्हाई.”

बीडला पोचल्यावर घरच्यांना मी धबधब्याचं सांगितलं. पाणी अजून आहे, जाऊन या म्हटलं. नाक्याचं सांगायला बसले, तेव्हा ट्रॉलीवर चढणाऱ्या गयाबाईंपाशीच थांबले; एसटीतलं मीराचं बोलणं सांगितलं नाही.