सगळ्या बसला पाठ झालेलं उत्तर

चहा आला ना सगळ्यांच्या हातात? मग ऐका. पण घोट जरा जपून घ्या. माझा असा काही पचका झालाय, की ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही!

आधी माझं सांगतो. मी दत्ता. वडील आजारी पडले आणि नववीतच शाळा सुटली. सध्या चाकणला एका कंपनीत आहे, कॉन्ट्रॅक्टवर. स्वभाव लाजरा. किती लाजरा म्हणता? कँटीनच्या आमटीत मीठ नसलं तरी मी मागत नाही. दोन वर्षं कंपनीच्या एकाच बसने जातोय, पण बसमधल्या निम्म्या लोकांना वाटायचं की मला बोलताच येत नाही.

तर झालं काय, कंपनीत एक नवीन मशीन येणार होती. ती बसवायला परदेशातून इंजिनिअर येणार आणि त्यांच्यासोबत कामाला आमच्यातले सहा जण निवडणार. त्या सहांत कुणी कॉन्ट्रॅक्टवाला असला, तर तो पर्मनंट!  पण अट होती इंग्रजीची. बाहेरून एक मॅडम येणार आणि सगळ्यांची तोंडी परीक्षा घेणार.

विषयांची यादी नोटीस बोर्डावर लागली. माझं घर, माझं जेवण, माझा मोबाइल, असं साधंच सगळं. पण पहिल्या नंबरला काय होतं माहितीये? हेडफोन! तुम्ही कधी वापरता, कशाला वापरता, आवडतात का?

म्हटलं, देव पावला. हेडफोन माझ्याकडे होते. माझ्या बहिणीने, वैशालीने, नर्सिंग शिकायला लागल्यावर पहिल्या स्टायपेंडमधून घेऊन दिलेले. काळे, मोठे, कान पूर्ण झाकणारे. एकदा चढवले की जग बंद.

डिक्शनरी घेऊन बसलो आणि उत्तर तयार केलं. अगदी खरं खरं. "आय यूज हेडफोन एव्हरी डे इन बस. वन ओल्ड अंकल इज स्नोरिंग निअर मी. माय सिस्टर वैशाली टेक्स माय हेडफोन फॉर स्टडी. आय लाइक हेडफोन, बिकॉज नोबडी इज डिस्टर्ब!" म्हणजे बघा, शेजारी घोरणारे म्हातारे काका आले, अभ्यासाला हेडफोन पळवणारी बहीण आली आणि हेडफोनमुळे कुणाला त्रास होत नाही हा उपदेशसुद्धा आला. आहे की नाही?

मग ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं. रोज सकाळी नाशिक फाट्याला बसमध्ये चढलो, की हेडफोन घालायचे, रेकॉर्डिंग लावायचं आणि त्याच्या मागोमाग पुटपुटायचं. हळूच हं! ओठांतल्या ओठांत. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

आता मागे वळून बघतो तेव्हा कळतं, किती खुणा होत्या! आधी बस सुटली की ड्रायव्हर गाणी लावायचा, ती बंद झाली. मला वाटलं, टेप बिघडला. माझ्या शेजारी बसायचे जावळे काका. मूळचे कासारवाडीचे, वय पन्नाशीपुढे. ते भोसरी यायच्या आत माझ्या खांद्यावर मान टाकायचे, ते एकदम चाकणपर्यंत ताठ बसून जागे राहायला लागले. मला वाटलं, डॉक्टर बदलला.

एक दिवस ताप आला म्हणून कामावर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढतोय तर पाच-सहा जण एकदम, "काय रे, काल का नाही आलास? चुकल्यासारखं झालं राव!"

काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! दोन वर्षांनी का होईना, लोकांना आपली किंमत कळली. घरी जाऊन आईलासुद्धा सांगितलं.

परीक्षेचा दिवस आला. केबिनबाहेर आम्ही बाकावर बसलो होतो. आमच्या बसमधले तिघं : जावळे काका, माझ्याच लाइनवरचा सत्या आणि मी. मला वाटलं, काका कुणाला तरी सोबत म्हणून आले असतील.

"काका, तुम्ही पण परीक्षेला?"

"व्हय. नातू इंग्रजी शाळेत जातो. आमी काय बोललो की 'आजोबा, यू डोन्ट नो' म्हंतो. एकदा दाखवतोच त्याला."

काका आत गेले. काही वेळाने आतून मॅडमच्या हसण्याचा आवाज आला. काका बाहेर आले ते मिशीला पीळ देतच.

मग सत्या आत गेला. घाईत त्याने दार नीट लावलं नाही. फटीतून आवाज आला, "आय यूज हेडफोन एव्हरी डे इन बस."

म्हटलं, वा! माझ्यासारखीच सुरुवात.

"वन ओल्ड अंकल इज स्नोरिंग निअर मी."

मी सावरून बसलो.

"माय सिस्टर वैशाली टेक्स माय हेडफोन..."

अहो, मी उभाच राहिलो! सत्याला बहीण नाही. तीन भाऊ आहेत, तिघंही धिप्पाड. आणि हेडफोन तर त्याने आयुष्यात कानाला लावलेले नाहीत!

तो बाहेर आला तसं मी त्याचं बखोट धरलं. "सत्या, तुला वैशाली कुठून आली रे?"

"असं काय करतो भावा? तुझी बहीण ती माझी बहीण नाही का?"

"पण माझं उत्तर तुला कसं कळलं?"

 सत्याने काकांकडे बघितलं. "काका, याला खरंच माहीत नाही."

काका खाकरले. "दत्तू, पोरा, तुला वाटतं तू मनात बोलतोस. अरं, पार मागच्या सीटपर्यंत ऐकू जातंय. ड्रायव्हरलासुद्धा पाठ हाय."

पायाखालची फरशी सरकली की हो! दोन महिने! दोन महिने मी रोज सकाळी बसभर ओरडत होतो की हेडफोनमुळे कुणाला त्रास होत नाही!

"मग कुणी सांगितलं का नाही मला?"

"कसं सांगणार?" काका म्हणाले. "दोन वर्सांत पयल्यांदा तोंड उघडलं तू. सगळ्यांनी ठरवलं, कुणी टोकायचं न्हाई. टोकलं तर पोरगं परत गप व्हईल. त्यात फुकट इंग्रजी शिकाया मिळत होतं, ते कोण सोडतंय? आत्ता आत म्या बी त्येच सांगून आलो."

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. 'वन ओल्ड अंकल'!

"काका, ते... घोरण्याचं..."

"अर्थ सत्यानं सांगितला," काका शांतपणे म्हणाले. "तवापासून डोळा न्हाई लागू दिला म्या."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण धरणीच्या आधी मॅडमनी हाक मारली.

आत गेलो. बसलो. मॅडम म्हणाल्या, "सो, डू यू यूज हेडफोन्स?"

आता हे उत्तर तिसऱ्यांदा कसं देणार? मी घाईघाईत ठरवलं, नाहीच म्हणू. विषय संपला.

"नो मॅडम. आय नेव्हर यूज हेडफोन."

मॅडमनी बोटाने दाखवलं. "देन व्हॉट इज दॅट?"

खाली बघितलं. हेडफोन माझ्या गळ्यात!

"धिस... धिस इज माय सिस्टर्स."

"ओह! अँड हर नेम?"

खोटं बोलायची सवय नाही हो मला. तोंडातून निघून गेलं, "वैशाली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मग डोळे पुसून एकदम मराठीत म्हणाल्या, "खरं सांग. हे उत्तर मूळ कुणाचं आहे?"

'माझं' म्हणायला जीभ वळली होती. पण 'माझं' म्हटलं तर? सत्याची नक्कल तर पकडली गेलीच होती, वर काकांचेही मार्क कापले जाणार. काकांना नातवाला तोंड दाखवायचंय. आणि ज्या माणसाने माझ्यापायी दोन महिने बसमध्ये झोप घेतली नाही, त्याचं नाव कसं खराब करू?

"जावळे काकांचं, मॅडम."

"वाटलंच मला," मॅडम म्हणाल्या. "ते किती मनापासून सांगत होते!"

झालं. पर्मनंट गेलं. उठायला लागलो, तर मॅडमनी थांबवलं. "आता पाठ केलेलं नको. एक सांग. बसमध्ये हेडफोन काढले, तर तुला काय ऐकू येतं?"

हे यादीत नव्हतं. रेकॉर्ड केलेलं नव्हतं. मी विचार करून एकेक शब्द जुळवला. "आय डोन्ट नो, मॅडम. टू मंथ आय नॉट लिसन. पीपल इन बस इज गुड. व्हेरी गुड. दे लिसन मी. टुमॉरो आय विल लिसन देम."

व्याकरणाचा पार चुराडा! पण मॅडम या वेळी हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि "थँक यू, दत्ता" म्हणाल्या.

चार दिवसांनी यादी लागली. मी नेहमीप्रमाणे खालून वाचायला सुरुवात केली आणि पहिलंच नाव माझं! सहावा! अहो, सहावा असलो तरी सहांत होतो. सत्याने मला उचलूनच घेतलं, कारण तो चौथा होता. मग वर नजर गेली. पहिला नंबर : जावळे.

माझ्याच उत्तरावर, माझ्याच घरच्या माहितीवर, काका पहिले!

नावांपुढे मॅडमचे शेरेही होते. काकांच्या पुढे लिहिलं होतं, 'स्वतःच्या अनुभवातून बोलतात.' आणि माझ्यापुढे? 'शेवटचं उत्तर छान आणि स्वतःचं. बाकीच्या तयारीसाठी रोज जावळे यांच्याकडे सराव करावा.'

काकांनी चष्मा लावला, सत्याकडून तो शेरा दोनदा वाचून घेतला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"माझी काय हरकत न्हाई बघ," ते म्हणाले. "पन माझ्याकडं शिकायचं म्हंजे घरून अभ्यास करून यायचा."

आता काय सांगू तुम्हाला, मी मान खाली घालून म्हणालो, "येस सर!"