समोरच्या दारातलं आंबट सूप

माणसाचं कुठलंही दुखणं, अडचण नाहीतर अपमान पातेलंभर गरम सूप पाजल्याने बरा होतो, असं मानणारी बाई अख्ख्या अमिरातीत एकच असेल, आणि ती अल कुसैसला आमच्या समोरच्या दारात राहते. फिलिपाइन्सच्या कुठल्याशा बेटावरची. बेटाचं नाव तिने मला खूपदा सांगितलं, पण माझ्या जिभेला ते काही वळलं नाही. तिचं स्वतःचं नावही तसंच लांबलचक, म्हणून मी तिला बाय म्हणतो. आमच्या रत्नागिरीकडे लेकीबाळींना तसंच म्हणतात. सून मला आप्पा म्हणते म्हणून तीही आप्पा म्हणते. एका क्लिनिकात रिसेप्शनला कामाला आहे, पण खरी ड्युटी घरी आल्यावर सुरू होते. पर्स खांद्यावरच असते आणि गॅस पेटलेला असतो.

माझा गुडघा धरला, सूप. सून ड्रायव्हिंग टेस्टला पुन्हा नापास झाली, सूप. "पियो, पियो, नेक्स्ट टाइम पास, इन्शाल्ला!" लिफ्ट बंद पडली आणि त्यात अडकलेला वरच्या मजल्यावरचा माणूस घामाघूम होऊन बाहेर आला, तर त्याच्या हातात पाण्याच्या आधी सूपचा वाडगा. तापाला कोंबडी, आलं नि तांदूळ घालून केलेली पेज. सर्दीला कच्ची पपई आणि शेवग्याच्या पाल्याचा रस्सा. बाकी सगळ्या दुःखांना चिंचेचं आंबट सूप, त्यात मुळा, भेंडी आणि कोळंबी. गुरुवारी मी मांसमच्छी खात नाही हे तिला एकदा सांगितलं, तर पुढच्या गुरुवारी मुगाचं दाट सूप घेऊन हजर. चमचा घातला आणि वर आली सुकट. "बाय, ये क्या?" म्हटलं, तर ती दुखावल्यासारखी म्हणाली, "नो मीट, आप्पा! ओन्ली फिश!" आता हिला दत्तगुरू कसे समजावणार? सुकट वेचून बाजूला ठेवली, मूग खाल्ले. देवाला काय ते कळलं असेल.

आंबट सूप मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हाच तिला म्हटलं होतं, "चव अच्छा है, लेकिन तडका किधर?"

"हमारा आयलंडमें नो तडका, आप्पा."

"तुम्हारा आयलंडमें नहीं होगा. ये अल कुसैस है."

मी शाळेत फारसा टिकलो नाही, सगळा जन्म क्रेनवर गेला, पण फोडणी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. तेल कडकडीत, लसूण ठेचलेला, कढीपत्ता, लाल मिरची आणि नखभर हिंग. तिच्या पातेल्यावर मी स्वतः उभं राहून ओतली. चुर्र आवाज झाला तशी ती घाबरून मागे सरकली. मग चव घेतली, आणि तेव्हापासून तिचं सूप फोडणीशिवाय झालं नाही. सगळी बिल्डिंग ते मागून प्यायची.

एवढं सूप ती कुणासाठी करायची, हे मात्र मला हळूहळू कळलं. तिची लेक नुकती पावलं टाकायला लागली होती, तेव्हा तिला आजीकडे ठेवून बाय इकडे आली. रोज ओट्यावर फोन टेकवून लेकीशी बोलत बोलत रांधायची. तिकडे पोरगी आजीच्या हातचं जेवायची, इकडे हिचं पातेलं आम्ही रिकामं करायचो. आता पोरगी मोठी झाली, शिक्षण संपलं, आणि व्हिजिट व्हिसावर आईकडे यायचं ठरलं. आठवडाभर आधी बाय आमच्या सोफ्यावर येऊन बसली. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने.

"आप्पा, मैं उसको फोनमें बडा किया. वो मेरे को आंटी जैसा देखेगा तो?"

"खुळी आहेस," मी मराठीतच म्हटलं. "आई ती आई."

पोरगी आली. नाजूक, हसरी, फार शहाण्यासारखी. पहिल्या दिवशी बायने मला आणि सुनेला जेवायला बोलावलं. आंबट सूप केलं होतं, वर फोडणीचा लाल तवंग. पोरीने एक घोट घेतला, थांबली, आणि चमचा अगदी हळू खाली ठेवला. "व्हेरी नाइस, मम्मा. थँक यू." मग अगदी साधेपणाने म्हणाली, आजीचं असं नसतं.

बाय हसली. तसं हसणं मला बघवलं नाही.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आप्पा, तुमच्या फोडणीने घात केला."

"फोडणीने कधी कुणाचा घात झालेला नाही," मी म्हणालो, आणि आजही तेच म्हणतो. पण त्या दिवशी रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायने फोडणी सोडली. आपल्या आईला फोन करकरून विचारायची, चिंच किती, मुळा कधी घालू. हुबेहूब आजीसारखं करायला बघायची. पोरगी सगळं संपवायची आणि म्हणायची, थँक यू, मम्मा. पाणी दिलं, थँक यू. टॉवेल दिला, थँक यू. मला त्या थँक यूचा राग यायला लागला. आमच्यात पोरं आईला थँक यू म्हणत नाहीत. ताट ढकलतात, "शी, हे काय केलंस" म्हणतात. बाय दारात भेटली की विचारायचो, कैसा है? ती म्हणायची, "बहोत गुड गर्ल, आप्पा." आणि डोळे पुसायची.

मग बायच तापाने पडली. दुपारी दार वाजलं, बाहेर पोरगी उभी. "आप्पा, मम्मा सिक. तडका... हाऊ?"

मी म्हटलं, तुझ्या आजीचं कर की, त्यात तडका नसतो.

तिने मान हलवली. "दॅट इज लोलाज. धिस इज मम्माज सूप."

लोला म्हणजे त्यांच्यात आजी. घरातून फोडणीची लोखंडी पळी घेतली, हिंगाची डबी घेतली आणि गेलो. पोरीला हिंगाच्या वासाने शिंका आल्या, त्या नादात लसूण करपला. मी म्हटलं, दुसरा घे. तिने ऐकलं नाही, तसाच ओतला आणि वाडगा घेऊन आईपुढे बसली. बायने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. शब्द मला कळले नाहीत, पण सूर कळला. लसूण जाळलास, असंच काहीतरी असणार. तशी ती शहाणी, गुणी पोरगी कमरेवर हात ठेवून आईवर अशी खेकसली, अशी खेकसली, की मी दोन पावलं मागे आलो. बाय तापलेल्या तोंडाने पोट धरून हसत होती आणि पोरगी आणखीच चिडून चमचा तिच्या तोंडाशी नेत होती. मी तिथे आहे हे दोघींनाही आठवत नव्हतं. मी दार हळूच ओढून घेतलं.

पळी तिथेच राहिली. माझ्या बायकोची होती ती, गावाहून आणलेली. ती गेल्यापासून मी कुणाला हात लावू देत नव्हतो. आता पोरीला अबुधाबीला नोकरी लागलीय आणि बायही तिकडच्याच क्लिनिकात जातेय. खोकी भरणं चाललंय. सून म्हणते, आप्पा, पळी आठवणीने मागून आणते. मी तिला बजावून ठेवलंय, एक अक्षर बोलायचं नाही.