अंगठ्याला कळलं पाहिजे

सुधाकरकाका गेले. आपल्या माणसांत बंदूक चालवणारा हा एकच माणूस, आणि गेला कॅन्सरने.

इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये, बहुतेकांना ते गाड्यांच्या कारखान्यातले क्वालिटीवाले म्हणून माहीत. आंबेडकर जयंतीला स्वतः खुर्च्या लावणारे.

मला ते तळघरातले माहीत.

मी आउसबिल्डुंग, म्हणजे इथलं कामाचं प्रशिक्षण, अर्धवट सोडलं, हायडेलबर्गला भांडी घासली, कार्ल्सरूहेला सायकलवरून पिझ्झे पोचवले आणि शेवटी काका-काकूंच्या वरच्या खोलीत येऊन पडलो. "थोडे दिवस" म्हणून. मायाकाकू अजून त्यावर हसतात.

(त्या सायकलची वेगळीच गोष्ट आहे. राहू दे.)

तर तळघर. काका तिथे स्वतःची काडतुसं भरायचे. रीतसर परवाना, कपाटाला कुलूप, आणि शनिवारी शुट्झेनफेराइन, म्हणजे गावचा नेमबाजी क्लब.

कागदाच्या निशाणाशिवाय कशावर कधी गोळी झाडली नाही. क्लबातले शिकारी जंगलात बोलवायचे. काका म्हणायचे, "पंचशील घेतलंय बाबांनो," आणि मग ते काय असतं हे जर्मनमध्ये समजावत बसायचे. शिकारी कंटाळून निघून जायचे.

उडालेली पितळी पुंगळी ते फेकत नसत. साफ करायची, बुडाला नवा प्रायमर बसवायचा, मग पावडर, मग गोळी.

प्रायमर म्हणजे मसुराएवढी धातूची टोपी. ठोका बसला की ठिणगी. काकू त्यांना टिकल्या म्हणायच्या, दिवाळीतल्या.

"अहो, टिकल्या खेळून झाल्या असतील तर जेवायला या!"

ही टिकली बसवायचं टूल कुठलं घ्यावं, यावर काका आमटी गार होईपर्यंत बोलायचे.

मोठ्या प्रेसवरचं? "फास्ट आहे रे. पण एवढ्या लांब दांड्यातून हाताला काय कळणार?"

टेबलावर बसवायचं? "चांगलं आहे. हात म्हातारे झाले की घेईन."

त्यांचं लाडकं होतं मुठीत धरून दाबायचं. लिंबू पिळतो तसं. टिकली तळाला टेकली की तळहाताला कळतं, तिथे थांबायचं.

आणि मग प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून अंगठा फिरवायचा. टिकली किंचित आत हवी. वर राहिलेली चालत नाही.

"टूल कुठलंही घे. शेवटी अंगठ्याला कळलं पाहिजे."

केमोनंतर एक दिवस टेबलावरचं टूल पार्सलने आलं.

मी चेष्टेत म्हणालो, "काय काका, हात म्हातारे झाले?"

"आल्झो... म्हणजे, जरा थकलेत."

एवढंच. मीही पुढे विचारलं नाही, मला तेव्हा बर्लिनला जायचं डोक्यात होतं.

पुढच्या एका शनिवारी क्लबात मी त्यांच्या मागे उभा होतो. काकांनी चाप ओढला.

नुसतं टक्.

नियमाप्रमाणे नळी निशाणाकडेच धरून ते थांबले. मग काडतूस बाहेर काढलं. बसवतानाच टिकली वर राहिली होती. त्यामुळे ठोका तिला आत ढकलण्यातच गेला, ठिणगी पडलीच नाही.

शेजारचा जर्मन आजोबा म्हणाला, असं होतं कधी कधी. काका म्हणाले, "माझ्याकडे होत नाही."

घरी आल्यावर सरळ तळघरात. मला म्हणाले, "ये. उडालेल्या, मेलेल्या टिकल्या या रिकाम्या पुंगळ्यांत बसव. एक मुद्दाम वर ठेव. कुठली ते सांगू नको."

"मला चालतं? परवाना लागतो ना?"

"मेलेल्याला कसला परवाना?"

मी बसवल्या. काकांनी डोळे मिटले आणि एकेकीवरून अंगठा फिरवला. एक उचलली.

चुकीची.

परत. परत चुकीची.

तेवढ्यात काकू बोलवायला खाली आल्या, हाताला कणीक तशीच. "काय चाललंय?" म्हणत त्यांनी कोपराने मला बाजूला केलं आणि ट्रेवरून अंगठा फिरवला. "ही. ही वर आहे. एवढं कळत नाही तुम्हाला?"

काका अंगठा बोटांवर घासत राहिले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "अहो. परवा हात भाजला तरी कळलं नाही, ते म्हणून का? केमोने?"

"हं."

"डॉक्टरला सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर हे टिकल्यांचं सोड म्हणाला असता."

काकूंनी कणीक पदराला... नाही, जीन्सला पुसली. काकू घरात जीन्सच घालतात. "तुम्ही बसवा. अंगठा मी फिरवते."

"तुझ्याकडे परवाना नाही."

"मग तुमच्या अंगठ्याकडे तरी आहे का?"

काका हसले. खूप दिवसांनी, अगदी खोकला येईपर्यंत.

पण टिकल्या पुन्हा बसवल्या नाहीत. कारखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांचे पार्ट परत पाठवले, त्यांनी स्वतःचा अंगठाही परत पाठवला. त्याच आठवड्यात क्लबात फोन केला, कपाट रिकामं केलं, परवाना आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, जमा करून आले.

मुठीतलं टूल तेवढं ठेवलं. टीव्ही बघताना रिकामंच दाबत बसायचे.

आज दुपारी त्रिशरण, पंचशील झालं. काकांची मुलगी जर्मनमध्ये थोडं बोलली. पेटीचं झाकण लागलं, सूटमधल्या माणसाने स्क्रू फिरवले, मान लववून तो मागे सरकला.

काकू पुढे गेल्या. आम्हाला वाटलं, फूल ठेवतील.

त्यांनी एकेका स्क्रूवरून अंगठा फिरवला. पायाकडच्या एकावर थांबल्या आणि त्या माणसाला हळूच जर्मनमध्ये म्हणाल्या, "हा जरा वर राहिलाय."

त्याने परत येऊन तो घट्ट केला.

काकूंनी पुन्हा अंगठा फिरवला.

"आता बसला."

जय भीम, काका. या आता.