रुमाल टाकून धरलेली जागा

तुमच्यापैकी थोरलीच्या जन्माच्या वेळची ही गोष्ट. नव्वदचं दशक होतं. तुमच्या आईचं पहिलं बाळंतपण जर्मनीत व्हायचं होतं आणि आजोबांना रजा मिळेना, म्हणून मी एकटीच निघाले.

आदल्या दिवशी तुमच्या बाबांचा फोन आला. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, त्यामुळे विमानतळावर यायला त्यांना जमणार नव्हतं. गाड्यांच्या वेळा मी वहीत नीट उतरवून घेतल्या. वाटेत एका जंक्शनवर गाडी बदलायची होती, तीही दहा मिनिटांत. ती चुकली तर पुढची थेट संध्याकाळी.

सकाळी दूध घालायला आलेल्या मावशींनी विचारलं, "बाई, तिकडं आपलं बोलणं कुणाला कळंल व्हय?"

"इंग्रजी येतं की मला. जन्मभर शिकवलंय."

"तुमाला येतंय ओ. त्यास्नी येतंय का?"

जंक्शनवर उतरले, तर फलाटाच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. डावीकडची रिकामी दिसली. मी कोल्हापूरहून हातकणंगल्याच्या शाळेत रोज एस.टी.नं जायचे, ती सवय हाडात मुरलेली. आत चढले, खिडकीजवळ रुमाल टाकून जागा धरली आणि गाडी हीच ना, हे विचारायला बॅगेसकट खाली उतरले.

गणवेशातल्या एका माणसाला स्वच्छ इंग्रजीत विचारलं. त्यानं फार अदबीनं, बराच वेळ जर्मनमध्ये उत्तर दिलं.

तेवढ्यात त्याच गाडीतून माझ्याच वयाची एक बाई धावत आली आणि तिनं रुमाल माझ्या हातात दिला. मी विसरले असं तिला वाटलं असावं. मी आभार मानले, पुन्हा आत गेले आणि रुमाल जागेवर ठेवून आले. तिनं तो पुन्हा आणून दिला. आता मात्र माझं इंग्रजी संपलं.

"अहो बाई, जागा धरलीया मी. लेक बाळंत व्हायची हाय माझी, पोचायचं हाय मला," असं म्हणत मी पोटावरून हात फिरवून दाखवला आणि वही तिच्यापुढे धरली.

गावाचं नाव वाचून तिनं त्या गाडीकडे बघत जोरजोरात नकाराची मान हलवली, माझी बॅग उचलली आणि मला समोरच्या गाडीत नेऊन बसवलं. रुमालही तिनंच शेजारच्या जागेवर पसरला. ती खाली उतरते आहे, तोवर डावीकडची गाडी निघून गेली. ती तिची गाडी होती, हे मला तेव्हा कळलं.

ती गाडीकडे बघत राहिली, मग खांदे उडवून हसायला लागली. मी दारात जाऊन लेकीसाठी आणलेला खाऊचा डबा उघडला आणि डिंकाचे दोन लाडू तिच्या हातावर ठेवले. माझी गाडी हलली तेव्हा ती बाकावर बसून लाडू खात होती.

दवाखान्यात पोचले तेव्हा तुमची आई कमरेवर हात ठेवून व्हरांड्यात फेऱ्या मारत होती.

"आई, गाडी चुकली नाही ना गं?"

"चुकली," मी म्हटलं, "पण माझी नाही."

बाळंतिणीचे लाडू आधी खायचे नसतात. तरी तिनं एक मागून घेतला, आणि तो संपायच्या आत तिला आत न्यावं लागलं.