लसणीचा वास

हे माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसून असायचो, घरात दुसरं कुणी नसायचं — तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही, हे मला आता पुरतं कळलंय.

तरुणपणी मी बेळगावात, कॅम्पातल्या एका दुकानात फिटर होतो. राहायला शहापुरात. आमच्या गल्लीत सगळे मागावर बसणारे, मीच एकटा लोखंडात शिरलेला. तेव्हा वीज आली नव्हती. खेड्यातल्या मोठ्या घरांत आमचं दुकान कारबाईटच्या गॅसचे दिवे बसवून द्यायचं. परसात पाण्याची लोखंडी टाकी, तीत कारबाईटचे खडे पडायचे, गॅस तयार व्हायचा आणि भिंतीवरच्या नळ्यांतून घरभर फिरायचा. उजेड कसा — दुधासारखा. पण गॅस गळला आणि कोंडला, तर एका ठिणगीत घर उडेल. म्हणून वर्षाला एकदा जाऊन प्रत्येक सांधा तपासायचा. सांध्याला साबणाचा फेस फासायचा, बुडबुडा फुगला की तिथं गळती. एवढं सोपं काम.

आणि हा गॅस गळला की त्याला वास येतो. लसणीचा.

निपाणीजवळच्या एका गावात भाऊगोंडा आप्पांचं घर होतं. जैन, तंबाखूचे व्यापारी. कांदा-लसूण त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकलेली. मी नळ्या बसवत होतो तेव्हा शेजारचा एक शेतकरी कट्ट्यावर बसून आप्पांना म्हणाला होता, "आप्पा, तुमी उजेडातच जेवताय, मग सैपाकघरात दिवा कुणाला, उंदरांस्नी?" आप्पा हसले. म्हणाले, "सुनंनं काय पहाटं अंधारात चाचपडायचं व्हय रं?"

ती सून म्हणजे सुमती. संकेश्वरची. मी तिला वैनी म्हणायचो, ती मला अण्णा.

पुढच्या वर्षी तपासणीला गेलो. थंडी मरणाची होती. सोपा, माजघर, आप्पांची खोली — सगळे सांधे नीट पाहिले. राहिलं स्वयंपाकघर. तिथं परक्याला तसं जाता यायचं नाही. विहिरीवर अंघोळ करून, वाळत घातलेलं सोवळ्याचं धोतर नेसून आत जायचं. साबणसुद्धा चालायचा नाही, त्यात चरबी असते; रिठ्याचा फेस करायचा. सुमतीवैनीनं रिठे भिजवूनही ठेवले होते. मी विहिरीपाशी गेलो, पाण्यात बोटं बुडवली — आणि परत फिरलो. दारातूनच वर बघितलं. म्हटलं, बरोबर आहे. आप्पांनी पान दिलं, मी खाल्लं आणि निघालो.

थंड पाण्याचा कंटाळा. बस्स. याहून मोठं कारण असतं तर सांगताना बरं वाटलं असतं का? कुणास ठाऊक.

उन्हाळा सरताना आप्पांचा निरोप आला, ताबडतोब या. मी पोचलो तर घर सुतकात असल्यासारखं. आदल्या दिवशी एक मुनिमहाराज आहाराला आले होते. ते दिवसातून एकदाच, उभं राहून ओंजळीत घेतात आणि अन्नात काही वावगं जाणवलं तर घास न घेता उपाशी परततात. सबंध गाव जमलं होतं. महाराज स्वयंपाकघरात आले, ओंजळ जोडली — आणि सोडली. लसणीचा वास. ते तसेच निघून गेले. त्या घरात पिढ्यान् पिढ्या असं झालं नव्हतं.

आप्पांच्या पत्नीला सगळे आक्का म्हणत. आक्कांना महिनाभर तो वास येत होता. पहाटे, बंद स्वयंपाकघर उघडलं की. आणि पहाटे तिथं कोण असायचं? सुमती. ती पोटुशी होती. कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याच्या बायकोशी तिचं बोलणं होतं आणि त्या घरी लसणीची चटणी रोज वाटली जायची. आक्कांनी एकाला एक जोडलं. डोहाळे लागलेत, चोरून खाते आणि देवासमान माणसाला उपाशी घालवते. सुमतीनं पायांवर डोकं ठेवून नाही म्हटलं. नवरा खाली मान घालून बसला. आप्पा एकटेच म्हणत होते की त्या मिस्त्रीला एकदा विचारू. म्हणून मला बोलावलं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि मला कळलं. दोन श्वासांत कळलं. चुलीच्या बाजूचा, वरचा सांधा.

मागं सगळे उभे होते. तेवढ्यात सुमतीवैनी पुढं आली. रडून डोळे सुजलेले. पण माझ्याकडं बघताना चेहऱ्यावर — कसं सांगू — सुटका झाल्यागत होतं.

"अण्णा, तुमी जाणतासा. ह्यो गॅसचाच वास न्हवं? सांगा की ह्यास्नी."

मी काय सांगणार होतो? की मी आत आलोच नव्हतो? की महिनाभर हे घर एका काडीवर उभं होतं? दुकानातून हाकलला गेलो असतो, निपाणी-चिकोडी भागात कुणी दारात उभं केलं नसतं. हे सगळं मनात आलं. पण खरं सांगायचं तर आधी तोंडातून शब्द गेले, विचार मागून आला.

"न्हाय वैनी," मी म्हणालो. "गॅस बरोबर हाय. म्याच बघून गेलतो."

आक्का म्हणाल्या, झालं समाधान? आप्पांनी तिला माहेरी पोचवायला गाडी जुंपायला सांगितलं.

आता पुढचं ऐका. खोटं बोलून मी तिथून निघून गेलो असतो तर एक वेळ बरं झालं असतं. ती गेल्यावरही वास येतोच आहे हे चार दिवसांत त्यांचं त्यांना समजलं असतं, निदान तिच्यावरचा आळ गेला असता. पण घर उडेल ही भीती होतीच ना मला! मी म्हटलं, आलोच आहे तर एकदा हात फिरवतो. अंघोळ केली. त्या दिवशी पाणी थंड लागलं नाही. सोवळं नेसलो, शिडी लावली. सगळे पुढच्या अंगणात होते, तिचं बोचकं गाडीत चढत होतं. मी सांधा खोलला, नवा ताग गुंडाळला, फट बुजवायला सफेत्याचं लुकण भरलं, पान्यानं सांधा आवळला. रिठ्याचा फेस फासला. एक बुडबुडा उठला नाही. बाहेर गाडी हलल्याचा आवाज आला.

ती गेली आणि त्या दिवसापासून वास थांबला.

समजलं? तिच्याविरुद्ध दुसरा पुरावाच नको होता. तो मी शिडीवर उभा राहून, नीट, मन लावून तयार केला होता. माझ्या हातचं इतकं चोख काम दुसरं नसेल. पुढं गेलो तेव्हा आक्कांनीच सांगितलं — बघा, ती गेली आणि घर शुद्ध झालं. मुलाचं दुसरं लग्न झालं. सुमतीचं मूल माहेरी जन्मलं आणि जगलं नाही. मी त्या घरी वर्षानुवर्षं तपासणीला जात राहिलो. आप्पा दर वेळी पान द्यायचे.

तिला मी एकदाच पाहिलं, फार वर्षांनी, संकेश्वरात सर्व्हिस मोटारीची वाट बघताना. केस पांढरे झालेले. तिनंच ओळखलं. अण्णा म्हणाली, मुलाबाळांची चौकशी केली. भावाकडंच असते म्हणाली, पण तिथंही तिला चुलीपाशी जाऊ देत नाहीत. मग हसल्यासारखं करत बोलली,

"पाप केलं न्हाय, हे म्हायती हाय मला. तरी बी सकाळी उठून हाताचा वास घेऊन बघतो मी."

आम्ही दोघंच होतो. रस्ता मोकळा होता. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "मोटार आली वाटतं."

मोटार आली नव्हती.