वळणाचा रूळ

खेळण्यातल्या आगगाड्या जमवायचा नाद आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर लागला. काल एक जुनं इंजिन घ्यायला आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने काउंटरवर फूटभर सरळ रूळ मांडून ते चालवून दाखवलं. झोकात धावलं.

"सरळ रुळावर काय, सगळीच धावतात," हे म्हणाले, आणि माझ्या पिशवीतून घरचा वळणाचा रूळ काढून त्यांनी पुढे जोडला.

मला आमचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवला. मी मान खाली घालून बसलेली, हे मोजकं आणि गोड बोलणारे. तोही फूटभर सरळ रूळच होता. वळणं नंतर आली. ह्यांची लांबची बदली, माझं आजारपण, आणि एकदा तर चांगला महिनाभर अबोला.

इंजिन वळणावर कुरकुरलं आणि थांबलं. ह्यांनी बोटाने हलकेच ढकललं, तेव्हा पुढे गेलं. दुकानदार ओशाळून दुसरं काढायला लागला.

"राहू द्या, हेच बांधा."

"अहो, अडकलं ना ते?" मी म्हटलं.

"अडकलं. पण रूळ सोडला नाही त्याने."

पिशवीत ठेवण्याआधी तो वळणाचा रूळ मी पदराने पुसून घेतला.