रेतीच्या ढिगावरची टिटवी

लग्न होऊन मी बाभुळगावजवळच्या नदीकाठच्या गावात आले, तेव्हा सातवी शिकलेली सून म्हणून माझा दबदबा होता आणि तो मी नीट जपला. सासूबाई मात्र त्याला भीक घालत नसत. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या रेतीत आमची टरबुजाची वाडी लागे. तिथं राज्य त्यांचं.

ही वाडी कधी मोडायची ते टिटवी ठरवी. दर उन्हाळ्यात ती वेलांच्या ओळींमध्ये उघड्या रेतीवर अंडी घाली. सासूबाई भोवतीनं बाभळीच्या फांट्या रोवत आणि तेवढी जागा सोडून पाणी घालत. अंडी नदीच्या उरलेल्या धारेजवळ दिसली तर पाऊस उशिरा आणि कमी. काठाकडे वर दिसली तर पूर लवकर आणि मोठा. टरबुजं वेलावर कुठवर ठेवायची, ते यावरून ठरे. पूर आधी आला तर सगळी वाडी वाहून जाणार, आणि उगाच घाई केली तर आतून पांढरी, कच्ची टरबुजं बाजारात कोण घेणार?

साठ सालच्या आगेमागे यवतमाळात बांधकामांचा सपाटा सुरू झाला. त्या उन्हाळ्यात रेती न्यायला बंड्या, म्हणजे बैलगाड्या, थेट आमच्या पात्रात उतरल्या. धारेकडची सपाट रेती उकरून काठावर मोठा ढीग लावला गेला. टिटव्या दिवसभर डोक्यावर ओरडत फिरायच्या. मग एका सकाळी त्या ढिगाच्या माथ्यावरच अंडी दिसली.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढ्या उंच? लय मोठा पूर येते या साली. तोडा सारे टरबूज."

"आत्याबाई, तिले खाली जागा कुठं राह्यली? पाऊस पाहून नाही, बंड्या पाहून वर गेली ते," मी सासूबाईंना म्हटलं.

"काहून वो, आमच्या जन्मात कधी चुकली का ते?"

माझं म्हणणं बरोबर होतं, आणि मी ते दिवसभर ऐकवलं. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी काठाकडच्या दोन ओळी मला सोडल्या. बाकीची वाडी मोडली. टरबुजं आतून फिकी निघाली, चवीला काकडीसारखी. बाजारात कुणी हात लावला नाही, शेवटी गुरांपुढे टाकली.

तरी ढिगावर काटे रोवायला सासूबाई विसरल्या नाहीत. ढिगातली रेती न्यायला आलेला गाडीवान भला माणूस होता. काटे पाहून त्यानं माथा सोडला आणि चारी बाजूंनी रेती भरून नेली. मध्ये खांबासारखी रेती उरली, वर अंडी. दुपारच्या उन्हात ती सुकली आणि ढासळली. आम्ही दोघींनी हातांनी रेती उपसली, तर फुटकी टरफलं तेवढी सापडली. टिटवी भोवती ओरडत होती. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

पाऊस खूप उशिरा आला. माझ्या दोन ओळींतली टरबुजं लालभडक पिकली आणि मी ती घरोघर मिरवत वाटली. सासूबाईंनीही एक फोड खाल्ली.

पुढच्या उन्हाळ्यात बंड्या वाढल्या. उरलेल्या रेतीत आम्ही वाडी लावली. सासूबाई रोज धारेपासून काठापर्यंत फिरून येत, काखेत फांट्यांची मोळी. टिटवी काही आली नाही. मोळी तशीच वाडीतल्या राखणीच्या मांडवाला टेकून राहिली. मी मात्र मजेत होते. एका पाखरावाचून काय अडतं, असं मी शेजारणीला सांगितलंही.

टरबुजं भरली. दुपारी पश्चिमेला ढग जमायचे आणि संध्याकाळी विरून जायचे. अशाच एका दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पदरानं तोंड पुसलं.

"मांगच्या साली तुयंच खरं झालं," त्या म्हणाल्या. "आता तूच सांग वो. कधी तोडाचे?"

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी ढगांकडे पाहिलं, खड्डे पडलेल्या रेतीकडे पाहिलं. मग उठून मांडवाजवळची मोळी काखेत घेतली आणि टिटवीची अंडी शोधत धारेकडे निघाले.